यंत्राची बुद्धी, मेंदूची शक्ती आणि एक शाळामास्तर

विज्ञानदिनाच्या निमित्ताने कोल्हापुरातील एका शाळेत व्याख्यान झाले. निघताना तेथील गणिताच्या शिक्षिकेने माझ्यापुढे दोन पत्रके ठेवली. एक काही वर्षांपूर्वीचे, घडी पडून जीर्ण झालेले. त्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या मुलाचे चित्र होते आणि मजकूर असा, की माणूस आपल्या मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो, काही दिवसांच्या वर्गात आम्ही मुलाचा मध्यमेंदू जागृत करतो, मग ते डोळे बांधूनही वाचू लागते. दुसरे पत्रक ताजे होते. विचार करणारे यंत्र आता आले आहे, तेव्हा मुलांनी पाठांतर, गणिते, निबंध यांत वेळ घालवू नये, यंत्राला नीट प्रश्न विचारायला शिकावे, असा त्याचा आशय. "सर, पालक दोन्ही घेऊन येतात. यातलं खरं किती आणि खोटं किती, काय सांगू त्यांना?" असे त्या बाईंनी विचारले.

मी त्या वेळी घाईत काहीतरी उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पटले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सावकाश दिलेले उत्तर आहे.

पहिल्या पत्रकात माणसाच्या मेंदूची अवास्तव स्तुती आहे, तर दुसऱ्यात यंत्राची. वरवर पाहता ती परस्परविरोधी वाटतात. पण नीट तपासले, तर दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे असे दिसते. ती कोणती, हे पाहण्यापूर्वी एकेक दावा तपासू.

दहा टक्क्यांची दंतकथा

आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की शिक्षकही ते वर्गात सांगतात. आइन्स्टाइन यांचे नावही त्याला चिकटवले जाते. त्याला आधार सापडत नाही.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असते. परंतु शरीर विश्रांती घेत असताना जी ऊर्जा खर्च होते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा हा अवयव एकटाच घेतो. इतका खर्चिक अवयव नव्वद टक्के रिकामा ठेवणे कोणत्याही प्राण्याला परवडले नसते. उत्क्रांतीच्या ओघात असा पांढरा हत्ती केव्हाच नाहीसा झाला असता.

दुसरा पुरावा वैद्यकातला. पक्षाघाताने मेंदूचा लहानसा भाग निकामी झाला, तर कुणाची वाचा जाते, कुणाचा हात लुळा पडतो, कुणाला ओळखीचे चेहरे ओळखता येत नाहीत. नव्वद टक्के भाग बिनकामाचा असता, तर बहुतेक इजा काही परिणाम न करताच गेल्या असत्या. तिसरा पुरावा प्रतिमांकनाचा. काम करणाऱ्या मेंदूचे चित्र आज घेता येते. त्यात वेगवेगळ्या कामांत वेगवेगळे भाग अधिक क्रियाशील दिसतात, पण कायमचा कुलूपबंद असा प्रदेश आढळत नाही. झोपेतही मेंदू स्वस्थ बसत नाही.

आता मध्यमेंदूविषयी. हा भाग मेंदूच्या देठात असून त्याची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर असते. त्याच्या मागच्या बाजूस चार लहान उंचवटे असतात. वरच्या दोघांचा संबंध नजर वळवण्याशी आणि खालच्या दोघांचा ऐकण्याशी असतो. बाहुलीचे आकुंचन, डोळ्यांची हालचाल, जागेपणा यांत या भागाचा वाटा असतो. डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचा एक समूह येथेच आहे. त्या पेशी नष्ट होऊ लागल्या की कंपवाताचा विकार जडतो. म्हणजे हा भाग मुलाच्या जन्मापासून कामावर हजरच असतो. तो 'झोपलेला' असता, तर ते मूल वर्गात डोळे उघडून बसूच शकले नसते.

डोळ्यांवरची पट्टी

"पण सर, मुलं खरंच वाचतात. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय," असे पालक सांगतात. पालक खोटे बोलत नाहीत. मूल वाचते, पण ते डोळ्यांनीच वाचते.

पट्टी कितीही घट्ट बांधली, तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. त्या फटीतून खालच्या दिशेने बारीकसे दिसते. जादूगारांना ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक आहे. असे प्रयोग पाहताना मूल कागद कोठे धरते याकडे लक्ष द्या. तो बहुधा छातीच्या खाली आणि नाकाच्या रेषेत असतो, आणि मूल मान किंचित मागे करते. २०१० नंतरच्या दशकात या वर्गांचे पेव फुटले, तेव्हा मंगळूरचे नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे दाखवून दिले.

शिक्षकांना याची चाचणी सहज घेता येईल. पोहण्याच्या चष्म्याला आतून काळी, अपारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि तो पट्टीच्या जागी वापरावा. किंवा वाचायचा कागद मुलाच्या कपाळाच्या वर अथवा पाठीमागे धरावा. कागदावरचा मजकूर आयोजकांनाही आधी माहीत नसावा. मध्यमेंदूला खरोखरच काही दिसत असेल, तर कागद वर धरला काय आणि खाली धरला काय, फरक पडू नये. चाचणी मात्र आयोजकांच्या दाव्याची घ्यावी. मुलाला चारचौघांत उघडे पाडू नये, कारण त्यात मुलाचा दोष सर्वांत कमी आहे.

आणखी एक साधा प्रश्न विचारावा. डोळ्यांवाचून वाचता येत असेल, तर ही विद्या सर्वांत आधी अंधशाळेत का नेली जात नाही? ब्रेलचे ठिपके बोटांनी चाचपडत शिकणाऱ्या मुलाहून तिची अधिक गरज कुणाला आहे?

पैसे बुडतात ही यातली लहान हानी झाली. मोठी हानी मुलाच्या मनाची होते. फटीतून पाहून वाचणाऱ्या मुलाचे कौतुक होते, टाळ्या वाजतात. ज्या मुलाने प्रामाणिकपणे "मला काही दिसत नाही" असे म्हटले, त्याची एकाग्रता कमी पडते असे त्याला सांगितले जाते. खरे बोलणारा नापास आणि खोटे निभावून नेणारा उत्तीर्ण, असा हा वर्ग आहे. विज्ञानशिक्षणाची सुरुवातच मुळी 'मला दिसले नाही ते मी दिसले म्हणणार नाही' या प्रतिज्ञेपासून होते. तीच येथे मोडायला शिकवली जाते.

यंत्र विचार करते का?

दुसऱ्या पत्रकाची गोष्ट वेगळी आहे. त्यात भोंदूपणा नाही. यंत्रे खरोखरच थक्क करणारी कामे करू लागली आहेत. म्हणून येथे टीका अधिक जपून करायला हवी.

ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली एक निबंध लिहिला. 'यंत्र विचार करू शकते का' हा प्रश्न फार संदिग्ध आहे, त्याऐवजी असे विचारावे, असे त्यांनी सुचवले: पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र आहे, आपण लेखी प्रश्न विचारतो आहोत, तर उत्तरांवरून यंत्र कोणते ते ओळखता येईल काय? या कसोटीची एक उणीव लवकरच ध्यानात आली. अमेरिकेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची साधी आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्याचेच वाक्य फिरवून ती प्रश्न विचारी. तिला काहीही कळत नव्हते. तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले. म्हणजे समोरच्याला बुद्धी आहे असे वाटणे, हे कित्येकदा आपल्याच स्वभावाचे लक्षण असते.

आजची संभाषण करणारी यंत्रे एलायझाहून फारच पुढची आहेत. त्यांच्या कामाचा गाभा वर्गात खेळ म्हणून दाखवता येईल. फळ्यावर लिहा: 'आभाळ भरून आले, वारा सुटला, आता' आणि मुलांना पुढचा शब्द सुचवायला सांगा. बहुतेक जण 'पाऊस' म्हणतील, एखादा 'वादळ' म्हणेल, 'पुस्तक' कुणीच म्हणणार नाही. अफाट मजकूर वाचवून, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज करायला यंत्राला शिकवतात. दर वेळी चूक झाली की आतले कोट्यवधी आकडे किंचित बदलतात. त्यावर माणसांनी दिलेल्या पसंती-नापसंतीचे संस्कार केले जातात. एवढ्याने यंत्र निबंध लिहू लागते, आज्ञावली लिहू लागते. मात्र जे संभाव्य वाटते ते लिहिण्याची सवय असल्यामुळे, माहिती नसतानाही ते तितक्याच ठामपणे लिहून मोकळे होते.

एवढे सांगितले की पुष्कळ लोक निश्चिंत होतात. "म्हणजे ते नुसती आकडेमोड करते, विचार करत नाही," असे ते म्हणतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० साली याच बाजूने एक प्रसिद्ध युक्तिवाद केला. चिनी भाषेचा गंधही नसलेला माणूस एका खोलीत बसला आहे. त्याच्याजवळ नियमांचे जाडजूड पुस्तक आहे. बाहेरून चिनी अक्षरांची चिठ्ठी येते, तो नियम पाहून दुसरी अक्षरे लिहून देतो. बाहेरच्याला वाटते, आत चिनी जाणणारा आहे. सर्ल म्हणतात, यंत्राचेही असेच असते. यावरचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांपैकी एकीलाही मराठी येत नाही, तरी त्या सर्वांच्या मिळून बनलेल्या आपल्याला मराठी येते. मग खोलीतल्या माणसाला चिनी येत नाही, एवढ्यावरून संपूर्ण खोलीविषयी काय सिद्ध होते? हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटला आहे असे वर्गात सांगू नये.

'यंत्राला हे कधीच जमणार नाही' अशा यादीवर माणसाचा मोठेपणा उभा करणे तर धोक्याचेच. बुद्धिबळ त्या यादीत होते. मे १९९७ मध्ये सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या 'डीप ब्लू'ने गॅरी कास्पारोव्ह यांना हरवले. मग 'गो' हा खेळ यादीत आला. मार्च २०१६ मध्ये 'अल्फागो'ने ली सेडॉल यांच्यावर ४-१ असा विजय मिळवला. मग गणिती सिद्धता आल्या. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील सहापैकी पाच प्रश्न यंत्रांनी सोडवले आणि सुवर्णपदकाच्या पातळीचे गुण मिळवले. दर वेळी यादीतील एक ओळ खोडावी लागते. अशा आकुंचित होत जाणाऱ्या अभिमानाचा शिक्षकाला काय उपयोग?

तरीही एक फरक नोंदवावा असा आहे. बारा-तेरा वर्षांचे मूल तोवर सुमारे दहा कोटींपर्यंत शब्द ऐकते, असा अंदाज केला जातो. आजच्या मोठ्या यंत्रांना काही लाख कोटी शब्दतुकडे वाचवले जातात. म्हणजे मूल लाखपटीने कमी सामग्रीत भाषा शिकते, आणि तेही साधारण २० वॅट ऊर्जेवर चालणाऱ्या मेंदूच्या जोरावर. ते शिकताना हाताने वस्तू उचलते, पडते, रागावते, प्रश्न विचारते. यावरून इतकेच म्हणता येईल, की दोघांची शिकण्याची रीत एक नाही.

देवळालीचे मास्तर

आता आपल्याच प्रांतातील एक उदाहरण घेऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळाशिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्था नाही, संगणक तर नाहीच. अंकांशी खेळण्याचा छंद मात्र अनावर. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष या मास्तरांकडे अधिक वळले.

१९४९ साली त्यांना सापडलेली गोष्ट अशी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. उदाहरणार्थ ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करून पाहा. पुन्हा ६१७४! कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच मुक्काम पडतो. उत्तर तीन अंकी आले तर पुढचे शून्य मात्र सोडायचे नाही.

हे खरे कशावरून? संगणकाला सांगितले तर तो १००० ते ९९९९ मधील समान अंकांच्या ९ संख्या वगळून उरलेल्या ८९९१ संख्या पापणी लवायच्या आत तपासून 'होय' म्हणेल. आता दुसरी वाट पाहा. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असे आहेत असे माना. वजाबाकी केली की उत्तर ९९९ × (क − घ) अधिक ९० × (ख − ग) एवढे येते. म्हणजे मूळ चार अंकांना महत्त्वच उरत नाही. महत्त्व आहे ते दोन फरकांना. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + ४ असे १० पर्यंत, एकूण फक्त ५४ भरतात. ८९९१ संख्यांचे काम ५४ जोड्यांवर आले! आपल्याकडच्या अनेक वर्गांचा पट एवढाच असतो. प्रत्येक मुलाला एक जोडी वाटून द्या. तासाभरात सगळा वर्ग मिळून संपूर्ण सिद्धता पुरी करील. एखाद्या मुलाची वाट ६१७४ ला पोचली नाही, तर त्याची वजाबाकी तपासा. चूक सापडतेच.

हे उदाहरण मी 'यंत्राला असे सुचले नसते' हे सांगण्यासाठी दिलेले नाही. आजच्या यंत्राला विचारले तर ते हे बीजगणितही मांडून दाखवील. माझा मुद्दा वेगळा आहे. ८९९१ चे ५४ होताना ज्या मुलाने स्वतः पाहिले, त्याला पुढे दुसरे कोडे समोर आले की 'यात खरोखर महत्त्वाचे काय आहे?' असा प्रश्न सुचण्याची शक्यता वाढते. यंत्राने उत्तर दिले आणि मुलाने ते वहीत उतरवले, तर वहीत सिद्धता येते, मुलात काहीच बदल होत नाही.

क्रेन आणि तालीम

बदल होतो म्हणजे नेमके काय होते? एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर प्रयोग करून दाखवले, की शिकताना चेतापेशींमधील जोडण्यांची ताकद बदलते, आणि टिकाऊ स्मृतीसाठी नव्या जोडण्याही तयार होतात. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लंडनमध्ये टॅक्सी चालवण्याचा परवाना मिळवण्यासाठी हजारो रस्ते पाठ करावे लागतात आणि त्याला काही वर्षे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांना त्या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात प्रशिक्षणापूर्वी आणि नंतर मोजमाप केले. जे उमेदवार उत्तीर्ण झाले त्यांच्यातच ही वाढ दिसली.

तेव्हा मेंदूत दडलेली शक्ती नसते, घडलेली शक्ती असते. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. दहा दिवसांत डोळ्यांना पट्टी बांधून मल्ल घडवतो, असे पत्रक येथे कुणी वाटले, तर गंगावेस तालमीतला पोरगाही हसेल. जोर-बैठका, लाल माती आणि वर्षांनुवर्षांचा घाम यांवाचून दंडात बळ येत नाही, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. त्याच शहरात बुद्धीच्या बाबतीत मात्र आपण पत्रकाला भुलतो.

हीच उपमा दुसऱ्या पत्रकालाही लागू पडते. क्रेन कोणत्याही पैलवानापेक्षा अधिक वजन उचलते. म्हणून तालमी बंद पडल्या नाहीत. वजन उचलले जावे हा तालमीचा हेतूच नव्हता, उचलणारा घडावा हा होता. मुलाला दिलेले गणित जगाला उत्तर हवे म्हणून दिलेले नसते. उत्तर तर शिक्षकांना आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानाला आधीच ठाऊक असते. उपमेची मर्यादाही सांगायला हवी. क्रेन पैलवानाला शिकवू शकत नाही, पण हे नवे यंत्र योग्य रीतीने वापरले तर शिकवूही शकते.

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०२५ मध्ये तो शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात काहींना संभाषण-यंत्र जसेच्या तसे दिले. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना यंत्र मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी भरले. तिसऱ्या गटाला दिलेले यंत्र उत्तर न सांगता इशारे देण्यासाठी तयार केले होते. त्या गटाचे असे नुकसान बहुतांशी टळले. यंत्र तेच, मेंदू तसेच. फरक पडला तो कष्ट कुणी केले यामुळे.

फळ्यावरचे कोडे

जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा. बालपण बनारसला गेले. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर गणिताचे एखादे आव्हान लिहून ठेवीत आणि ते जयंतासाठी आहे असे वर नोंदवीत. उत्तर सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते तेथेच राही. त्या घरात उत्तर देणाऱ्यांची वाण नव्हती. वडील नावाजलेले गणिती, मामाही गणिताचेच. उत्तर हाताशी असूनही ते न देण्याचा संयम, ही त्या घराची खरी देणगी होती.

याच नारळीकरांनी पुढे 'वामन परत न आला' ही विज्ञान-कादंबरी लिहिली. एका प्राचीन प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती लागते, त्यातून विलक्षण बुद्धीचा यंत्रमानव घडतो, आणि त्याच्यापुढे माणसाचे काय होईल हा प्रश्न उभा राहतो. विज्ञानकथेला शोभणारी ही भीती आहे आणि तिची चर्चा व्हायला हवी. मात्र शाळेपुढचा धोका याहून साधा आणि जवळचा आहे. मूळ कथेतल्या वामनाने बळीचे राज्य लढाई करून जिंकले नव्हते. त्याने तीन पावले जमीन मागितली आणि बळीने ती आपण होऊन दिली. आज वर्गात यंत्र काहीही हिसकावून घेत नाही. निबंध, गणित, प्रश्न सुचणे ही तीन पावले आपणच त्याच्या स्वाधीन करत आहोत, आणि तीही मुलांच्या वतीने, त्यांना न विचारता.

म्हणून दोन्ही पत्रकांतील समान चूक आता स्पष्ट व्हावी. एक म्हणते, शक्ती आधीच आत आहे, फक्त कळ दाबा. दुसरे म्हणते, शक्ती बाहेर विकत मिळते, फक्त कळ दाबा. मधला कष्टाचा काळ दोघांनाही नको आहे. आणि शिकणे म्हणजे तोच काळ.

त्या शिक्षिकेला मी आज असे सांगेन. पहिले पत्रक घेऊन येणाऱ्या पालकांना चष्म्याची चाचणी करून दाखवा. दुसरे घेऊन येणाऱ्यांना यंत्र शाळेबाहेर ठेवा असे म्हणू नका. ते राहणार नाही, आणि त्याचा चांगला उपयोगही आहे. एवढाच नियम घाला, की आधी मुलाचा स्वतःचा प्रयत्न वहीत, मग यंत्राला प्रश्न, आणि शेवटी यंत्राच्या उत्तराची तपासणी पुन्हा मुलाकडेच. यंत्राने ६१७४ ची वाट दाखवली, तर त्यातली प्रत्येक वजाबाकी मुलाने करून पाहावी. यंत्र चुकले असेल तर मूल ते पकडील, आणि त्या दिवशी घरी जाताना त्याची मान ताठ असेल.

आणि वर्गातल्या फळ्याचा एक कोपरा दर सोमवारी राखून ठेवावा. त्यावर एक कोडे लिहावे. सुरुवात तीन अंकी संख्यांपासून करता येईल. कापरेकरांची तीच क्रिया तीन अंकांवर केली तर मुक्काम कोठे पडतो? उत्तर मी येथे देत नाही. तुम्हीही आठवडाभर देऊ नका.